नॉट दाबलं आणि उत्तर आलं शून्य

वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटर

या खेपेला भोसरीहून आलेला एक प्रश्न असा आहे की त्यालाच अर्धी जागा गेली, त्यामुळे बाकीच्यांनी आटोपशीर उत्तरांवर भागवून घ्यावं. बिट (० किंवा १ मावणारं एक घर), हेक्स (१६ च्या पायाने आकडे लिहायची पद्धत) वगैरे प्रकाराशी ज्यांचं देणं-घेणं नाही त्यांनी खुशाल पान उलटावं, राग नाही.

प्रश्न : आमचं भोसरी एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवायचं छोटं युनिट आहे. एका ड्राइव्हचा (मोटर चालवणाऱ्या उपकरणाचा) कंट्रोल वर्ड, म्हणजे त्याला हुकूम देणारा आकडा, १६ बिटांचा आहे, त्यात सध्या १५ आहे आणि त्यातला ८ किमतीचा बिट तेवढा शून्य करायचा होता, बाकीचे तसेच ठेवून. ऑफिसच्या पीसीवर कोणीतरी मागे टाकलेला एक फुकटचा कॅल्क्युलेटर आहे, त्याच्या प्रोग्रामर मोडमध्ये ८ टाकून नॉट दाबलं तर १८४४६७४४०७३७०९५५१६१६ असा लांबलचक आकडा आला, मग अँड १५ केलं तर उत्तर ०. कागदावर केलं तर ७ येतं. पार्टनरच्या लॅपटॉपवर नॉट ८ म्हणजे -९ दिसतं, आणि ड्राइव्हच्या सप्लायरचा इंजिनिअर फोनवर म्हणाला ६५५२७. पार्टनरचं म्हणणं, कॅल्क्युलेटर कधी चुकतो का, तुम्हीच काहीतरी चुकीचं दाबलं असणार. नक्की कोण बरोबर? – एक वाचक, भोसरी

उत्तर : तुमचा कागद बरोबर, पार्टनरचा लॅपटॉप बरोबर, सप्लायरचा इंजिनिअरही बरोबर. चुकलाय तो फक्त ऑफिसच्या पीसीवरचा कॅल्क्युलेटर, आणि तोही असा चुकलाय की पहिला आकडा बघून कोणाला शंका सुद्धा येणार नाही.

आधी -९ आणि ६५५२७ चं भांडण मिटवू. नॉट म्हणजे सगळे बिट उलटे करा, शून्याचा एक, एकाचा शून्य. अँड म्हणजे दोन्ही आकड्यांत जो बिट एक आहे तेवढाच एक ठेवा, बाकी शून्य. आता तुमच्या हेल्परला तुम्ही सांगितलं की बोर्डावरची सगळी बटणं उलटी कर, तर तो आधी विचारणार ना की साहेब कुठल्या बोर्डावरची, आठ बटणांच्या की सोळा बटणांच्या? तोच प्रश्न इथे आहे. ८ हा आकडा लिहायला चार बिट पुरतात पण त्याच्या डावीकडे जी शून्यं आहेत ती पण उलटतात, आणि ती किती आहेत ते आकड्यावरून कळत नाही, रजिस्टर (आकडा ठेवायची जागा) किती बिटांचं धरलंय त्यावरून ठरतं. बाइट धरली तर नॉट ८ म्हणजे २४७, सोळा बिट धरले तर ६५५२७, बत्तीस धरले तर ४२९४९६७२८७, आणि चौसष्ट धरले तर १८४४६७४४०७३७०९५५१६०७. सगळी उत्तरं खरी आहेत. सप्लायरच्या माणसाच्या डोक्यात ड्राइव्हचा सोळा बिटांचा रजिस्टर होता म्हणून तो ६५५२७ म्हणाला, हेक्समध्ये एफएफएफ७.

-९ हा पण तोच बिटांचा नमुना आहे, फक्त डावीकडचा पहिला बिट ऋण चिन्हाचा धरून वाचलेला. टूज कॉम्प्लिमेंटमध्ये (ऋण आकडे बिटांत लिहायची ही नेहमीची पद्धत) नॉट क्ष म्हणजे कायम उणे क्ष उणे एक, म्हणून नॉट ० म्हणजे -१, नॉट ८ म्हणजे -९. विंडोजचा कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडमध्ये दशमानात असंच ऋण दाखवतो, पायथॉन पण -९ च देतो कारण पायथॉनच्या इंटिजरला ठराविक रुंदीच नसते. आणि महत्त्वाचं म्हणजे -९ ला अँड १५ केलं तरी ७, ६५५२७ ला अँड १५ केलं तरी ७. चिन्ह वेगळं दिसलं म्हणून खालचे चार बिट काही बदलत नाहीत.

आता तुमच्या पीसीकडे या. वर मी ६४ बिटांचं उत्तर दिलंय त्याचे शेवटचे तीन अंक बघा, ६०७. तुमच्या स्क्रीनवर आलं ६१६. नऊचा फरक. एवढ्या लांब आकड्यात शेवटी नऊ इकडे-तिकडे झाले तर कोण बघतंय, पण बिटांच्या हिशोबात हा नऊचा फरक म्हणजे सगळंच गेलं. ६१६ ने संपणारा तुमचा आकडा म्हणजे बरोब्बर २ चा ६४ वा घात. बायनरीत लिहिला तर एक आणि त्याच्यापुढे चौसष्ट शून्यं. म्हणजे तो मुळात ६४ बिटांत मावतच नाही, पासष्टावा बिट लागतो, आणि खालचे चौसष्टच्या चौसष्ट बिट शून्य. त्याला १५ शी अँड करा, २५५ शी करा, काहीही करा, उत्तर शून्यच येणार. कॅल्क्युलेटरने अँड अगदी चोख केलं, त्याच्या हातात आलेला मालच खराब होता.

हे झालं कशामुळे, तर असे प्रोग्रॅम बहुतेक वेळा आधी साध्या हिशोबासाठी लिहिलेले असतात, टक्के, वर्गमूळ, साइन-कॉस, आणि त्यासाठी स्क्रीनवरचा आकडा डबल प्रकारच्या (दशांशवाले आकडे मावणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये ठेवतात. नंतर कोणीतरी म्हणतं प्रोग्रामर मोड पण देऊ, मग बटणं नवीन येतात पण आकडा राहतो त्याच जुन्या डबलमध्ये. आयईईई ७५४ या १९८५ च्या स्टँडर्डप्रमाणे डबल ६४ बिटांचा असला तरी त्यातले ११ बिट घातांकाला आणि एक चिन्हाला जातो, खऱ्या अंकांसाठी ५३ बिटांची अचूकता उरते. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, तिथपर्यंत प्रत्येक पूर्णांक नीट मावतो. त्याच्यापुढे उड्या सुरू होतात, आधी दोन-दोनच्या, मग चार-चारच्या, आणि २ च्या ६४ व्या घाताच्या अलीकडे पोचेपर्यंत उडी २०४८ ची झालेली असते. तुमचा ६०७ वाला आकडा या दोन पायऱ्यांच्या मध्ये पडला, वरची पायरी नऊवर होती, खालची दोन हजारांहून जास्त लांब, तर तो गपचूप वर जाऊन बसला.

आता एक गोष्ट करून बघा, त्याच कॅल्क्युलेटरवर नॉट ४०९५ करा. १८४४६७४४०७३७०९५४७५२० येईल, आणि ते अगदी बरोबर आहे, कारण तो आकडा नेमका पायरीवर बसतो. म्हणजे ज्याने हा प्रोग्रॅम तपासला त्याने ४०९५, ६५५३५ असले 'मोठे' आकडे टाकून पाहिले असतील तर सगळं पास, आणि ८, १ असले किरकोळ आकडे, जे कारखान्यात रोज लागतात, तिथे नापास. मोठ्या आकड्यावर चाललं म्हणजे छोट्यावर चालणारच असा समज इथे उलटा पडतो. कुठल्याही अनोळखी कॅल्क्युलेटरची परीक्षा घ्यायची असेल तर मी अजून एक आकडा देतो, ९००७१९९२५४७४०९९३ टाकून अँड १ करा. आकडा विषम आहे, उत्तर १ यायलाच पाहिजे. ० आलं की समजायचं आत डबल बसलाय, आणि त्याचा प्रोग्रामर मोड नुसता शोभेचा.

ड्राइव्हवर याचा काय परिणाम झाला असता तेही सांगतो, कारण पार्टनरला बहुधा तेवढंच पटेल. तुमचा ड्राइव्ह सीआयए ४०२ प्रोफाइलचा, म्हणजे ड्राइव्हच्या हुकुमांच्या त्या ठरलेल्या नमुन्याचा, असेल (१५ आणि ८ वरून तसं वाटतंय) तर कंट्रोल वर्डमध्ये खालून पहिला बिट स्विच ऑन, दुसरा एनेबल व्होल्टेज, तिसरा क्विक स्टॉप आणि चौथा, तुमचा ८ वाला, एनेबल ऑपरेशन. १५ चं ७ केलं की ऑपरेशन बंद पण ड्राइव्ह तयार अवस्थेत उभा. पण १५ चं ० केलं की एनेबल व्होल्टेज पण गेलं, म्हणजे आउटपुटच कापलं आणि मोटर आपल्या वेगाने फिरत फिरत थांबणार. कन्व्हेयर असेल तर ठीक, चालून जाईल, पण उभ्या होइस्टवर लोड लटकत असेल आणि ब्रेकचं नीट नसेल तर पुढचं मी लिहीत नाही.

तोपर्यंत काम अडत असेल तर नॉटचं बटण वापरूच नका. १५ मधून (१५ अँड ८) वजा करा, ७ मिळेल, आणि ही युक्ती कुठल्याही आकड्याला चालते कारण तो बिट आधीच शून्य असेल तर शून्यच वजा होतं. किंवा ६५५३५ एक्सॉर ८ करा (एक्सॉर म्हणजे दोन बिट वेगळे असतील तिथे एक, सारखे असतील तिथे शून्य), ६५५२७ मिळतो, त्यात रुंदी तुम्हीच सांगितलीत, कॅल्क्युलेटरला ठरवायला काही ठेवलंच नाही. आणि विंडोजचा कॅल्क्युलेटर वापरणार असाल तर प्रोग्रामर मोडमध्ये क्यूवर्ड असं लिहिलेलं एक बटण असतं, ते दाबत गेलं की डीवर्ड, वर्ड, बाइट असं बदलतं. ड्राइव्हसाठी ते 'वर्ड' वर ठेवा, म्हणजे १६ बिट.

प्रश्न : मार्केट यार्डाजवळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये टेंपरेचर कंट्रोलर मॉडबसवरून (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची एक पद्धत) वाचतो. रीडिंग ६५४८६ येतं. सेन्सर गेलाय का? बदलायचा तर खर्च आहे. – एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : सेन्सर ठणठणीत आहे, खर्च करू नका. मॉडबसचा होल्डिंग रजिस्टर १६ बिटांचा, आणि तुमचा सॉफ्टवेअर तो बिनचिन्हाचा वाचतोय. ६५५३६ मधून ६५४८६ गेले की राहिले ५०, म्हणजे खरा आकडा -५०, आणि कंट्रोलर दशांश अंशात पाठवत असेल (मॅन्युअलमध्ये बघा, बरेचसे तसंच पाठवतात) तर तापमान -५.० अंश. सॉफ्टवेअरमध्ये डेटा टाइप अनसाइन्ड आहे तो साइन्ड १६ बिट करा. खात्री करायची असेल तर विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये वर्ड निवडून हेक्समध्ये एफएफसीई टाका, दशमानाच्या ओळीत -५० दिसेल. खोली शून्याच्या वर आली की रीडिंग आपोआप शहाण्यासारखं येत असणार, त्यावरूनही ओळखता येतं.

प्रश्न : मी सेकंड इयर कॉम्प्युटरला आहे, मिनी प्रोजेक्ट म्हणून जावास्क्रिप्टमध्ये डेस्कटॉप कॅल्क्युलेटर बनवलाय. ५००००००००० ऑर ० केलं तर तोच आकडा यायला पाहिजे ना, पण ७०५०३२७०४ येतोय. आणि १ ला ३२ ने लेफ्ट शिफ्ट केलं तर परत १ च येतो!! सबमिशन जवळ आलंय, प्लीज सांगा. – एक विद्यार्थिनी, कात्रज

उत्तर : दोन्ही ठिकाणी जावास्क्रिप्ट नियमाप्रमाणेच वागतंय, फक्त तो नियम तुझ्या कॅल्क्युलेटरच्या उपयोगाचा नाही. जावास्क्रिप्टमध्ये नेहमीचा आकडा डबल असतो पण बिटवाइज (अँड, ऑर, शिफ्ट असा बिटांवर चालणारा) ऑपरेटर लावला की आधी त्याचा ३२ बिटांचा साइन्ड इंटिजर होतो, वरचे बिट सरळ कापले जातात. पाच अब्जातून २ चा ३२ वा घात, म्हणजे ४२९४९६७२९६, वजा करून बघ, बरोबर ७०५०३२७०४ उरतात. शिफ्टचं असं की किती घरं सरकायचं त्या आकड्याचे फक्त खालचे पाच बिट बघितले जातात, ३२ चे खालचे पाच बिट शून्य, म्हणजे शून्य घरं सरकवलं, १ चा १ राहिला. जावामध्ये इंटला हेच आहे. सी मध्ये तर ३२ बिटांच्या इंटला ३२ ने शिफ्ट करणं म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर, काहीही येऊ शकतं आणि कंपायलरला तू बोलू शकत नाहीस. जावास्क्रिप्टमध्ये १ ला ३१ ने शिफ्ट केलंस तर -२१४७४८३६४८ येईल, ते बघून पण घाबरू नकोस, वरचा बिट चिन्हाचा आहे म्हणून.

उपाय म्हणजे बिगइंट (कितीही मोठा पूर्णांक मावणारा प्रकार) वापर, ते २०२० च्या स्टँडर्डपासून भाषेतच आहे, आणि प्रत्येक ऑपरेशननंतर रुंदीप्रमाणे मास्क लाव, ६४ बिट निवडले असतील तर २ चा ६४ वा घात वजा १ शी अँड. एक काळजी घे, स्क्रीनवर टाइप केलेला मजकूर थेट बिगइंटला दे, मध्ये नंबर करून मग बिगइंट केलंस तर नुकसान आधीच झालेलं असेल, वर भोसरीच्या उत्तरात जे झालंय तेच. आणि शिफ्टचा आकडा रुंदीएवढा किंवा जास्त असेल तर शून्य द्यायचं की एरर, ते तूच ठरव आणि रिपोर्टमध्ये एक ओळ लिही, व्हायव्हाला एक्स्टर्नल नेमकं तिथेच बोट ठेवतात.

प्रश्न : ५ मग वरची टोपी मग ३, एका कॅल्क्युलेटरमध्ये १२५ येतं, मुलाच्या सी प्रोग्रॅममध्ये ६. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : कॅल्क्युलेटरसाठी आणि एक्सेलसाठी ती टोपी म्हणजे घात, सी साठी एक्सॉर. १०१ आणि ०११ चं एक्सॉर ११०, म्हणजे ६. दोघेही निर्दोष. एक्सेलमध्ये एक्सॉर हवं असेल तर बिटएक्सॉर नावाचं फंक्शन २०१३ च्या आवृत्तीपासून आहे, पण ते २ च्या ४८ व्या घाताच्या आतलेच आकडे घेतं, त्याच्या वर गेलं की एरर देतं. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा एरर बरी, मला तरी ते आवडतं.

प्रश्न : हिंजवडीत काम करतो. सी मधल्या एका जुन्या कोडमध्ये 'फ्लॅग्स अँड ४ बरोबर-बरोबर ४' अशी कंडिशन आहे, कंस नाहीत, आणि ती भलत्याच वेळी खरी होते. सीनियर म्हणतात वर्षानुवर्षं चालतंय, हात लावू नको. – एक वाचक, वाकड

उत्तर : वर्षानुवर्षं चुकीचं चालतंय. सी मध्ये बरोबर-बरोबर हे बिटवाइज अँडच्या आधी होतं, म्हणजे आधी ४ आणि ४ ची तुलना, उत्तर १, मग फ्लॅग्स अँड १. तुम्ही तिसरा बिट तपासतोय समजताय आणि तपासला जातोय पहिला. सी भाषा बनवणारे डेनिस रिची यांनी स्वतः याचं कारण सांगितलंय : सी च्या आधीच्या बी भाषेत एकाच अँडवर दोन्ही कामं चालायची, तार्किक आणि बिटवाइज, नंतर तार्किक कामासाठी डबल अँड (&&) आला पण आधी लिहिलेला कोड मोडू नये म्हणून जुन्याची जागा तिथेच ठेवली. कंस घाला, आणि हात लावायच्या आधी पहिला बिट सेट असताना काय काय घडत होतं याची टेस्ट घ्या, कारण त्या चुकीवर आता दुसरं कोणीतरी अवलंबून असण्याची शक्यता भरपूर आहे. सीनियरना त्या टेस्टचा रिझल्ट दाखवा, वाद घालू नका.

प्रश्न : मी टेस्टिंगमध्ये आहे. एका ओपन सोर्स कॅल्क्युलेटरच्या बिटवाइज उत्तरात चूक सापडली, कळवली, तर 'आमच्याकडे नीट चालतंय' म्हणून बंद केली. – एक वाचक, बाणेर

उत्तर : बिटवाइज चुकीत हे फार होतं, कारण तुमची रुंदी आणि त्यांची रुंदी वेगळी असते, आणि दोघांनाही ते लक्षात येत नाही. परत कळवा पण या वेळी 'एक्सॉर चुकतंय' असं न लिहिता बटणं क्रमाने लिहा, कुठला बेस, किती बिट, साइन्ड की अनसाइन्ड, कुठलं व्हर्जन, आणि प्रत्येक बटणानंतर स्क्रीनवर काय होतं ते. मधला आकडा सगळ्यात महत्त्वाचा. भोसरीच्या वाचकांनी जर फक्त 'उत्तर ० येतं' एवढंच लिहिलं असतं तर मी सुद्धा अँडमध्येच शोधत बसलो असतो, ६१६ वाला आकडा दिला म्हणून चूक नॉटच्या वेळीच झाली होती हे कळलं. आकडा टाइप केला की पेस्ट केला तेही लिहा, दोन्हींचे रस्ते आत वेगळे असू शकतात. अपेक्षित उत्तर लिहिताना नुसतं दशमानात देऊ नका, हेक्समध्ये पण द्या, चिन्हाचा घोळ तिथेच मिटतो. आणि जमलं तर आकडा छोटा करत करत जा, जिथे चूक होते आणि जिथे होत नाही असे शेजारचे दोन आकडे मिळाले की डेव्हलपरला 'नीट चालतंय' म्हणायला जागाच राहत नाही. विंडोजच्या कॅल्क्युलेटरचा सोर्स सुद्धा मायक्रोसॉफ्टने मार्च २०१९ मध्ये गिटहबवर खुला केला, तिथे बग कसे लिहितात ते वाचून बघा, चांगले आणि वाईट दोन्ही नमुने भरपूर आहेत.

प्रश्न : मी निवृत्त इंजिनिअर. कपाटात एचपी १६सी नावाचा जुना कॅल्क्युलेटर सापडला, चालू होत नाही. नातू म्हणतो भंगारात द्या. – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : नातवाला दुसरं काहीतरी द्या भंगारात टाकायला. एचपीने १९८२ मध्ये काढलेला हा खास प्रोग्रामर लोकांचा कॅल्क्युलेटर, १९८९ मध्ये बंद झाला, जुन्या वस्तू जमवणारे आजही शोधत असतात. त्यात १ पासून ६४ पर्यंत हव्या तेवढ्या बिटांचा वर्ड ठरवता येतो, वन्स कॉम्प्लिमेंट, टूज कॉम्प्लिमेंट की अनसाइन्ड हेही निवडता येतं, म्हणजे वरच्या निम्म्या पत्रांना त्यानेच उत्तर दिलं असतं. त्याला तीन एलआर४४ बटण सेल लागतात, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतील. आधी जुने सेल गळून कप्प्यात हिरवट काही साचलंय का बघा, असेल तर व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कानकाडीने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग नवीन सेल घाला. तरीही चालू झाला नाही तर मॉडेल आणि लक्षण लिहून कळवा.